सर्जेराव फायनलला नसायचा

आक्काचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होतो. हे काम खरं तर मुख्य प्रशिक्षकाचं नव्हे, पण आमच्यासारख्या गावसंघात मुख्य प्रशिक्षक म्हणजे चुना मारणारा, गोलची जाळी शिवणारा आणि पंचांना चहा सांगणाराही असतो. आक्का म्हणजे सर्जेरावाची थोरली बहीण, साताऱ्याला असते. ती मला कधी फोन करत नसे. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग ती म्हणाली, “मास्तर, सर्जा गेला वो…” आणि मी विचारलं, “कुठं गेला?” आता आठवलं की माझी मलाच कीव येते, पण डोक्यात पहिल्यांदा खरोखर तेच आलं. सर्जेराव कुठंतरी गेलेला असणं ही आमच्याकडं नेहमीची गोष्ट होती. भाच्याच्या वास्तुशांतीला म्हणून तो साताऱ्याला गेला होता. जेवणं उरकल्यावर मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. आम्ही टेम्पो करून पोरांना घेऊन गेलो, त्याला पोचवलं आणि परत सांगलीला आलो. येताना कऱ्हाडच्या पुढं कुणीतरी गाणं लावलं आणि लगेच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी विश्रामबागेतल्या मैदानाच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर सगळे जमले. आमच्या संघाचे खरे मालक हे टपरीवरचे लोक. त्यांतले तात्या निवृत्त तलाठी. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही आणि आमचा एकही सामना चुकवलेला नाही. दुसरे इक्बालभाई. त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि तरुणपणी ते आमच्याच गोलात उभे राहायचे. या दोघांचा गेली कित्येक वर्षं एकच वाद चालत आलेला : संघाचं जे काही बरंवाईट होतं, ते सहाय्यक प्रशिक्षक सर्जेरावामुळं होतं की नाही. त्या दिवशी मात्र वाद निघाला नाही. चहा निवून गेला. मग तात्या खाली बघत म्हणाले, “लय वाईट झालं… माणूस सोन्यासारखा हुता. पण मास्तर, आता आपण फायनल गाठली, तर…” मला इतका संताप आला की मी पेला तसाच ठेवून घरी निघून आलो. त्यांना काय म्हणायचं होतं ते टपरीवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. वाचकांना कळावं म्हणून मला जरा मागं जायला हवं.

मी शाळेत पीटी शिकवायचो आणि संध्याकाळी मंडळाच्या पोरांना फुटबॉल. सर्जेराव पलटणीतून सुटून आला होता, पलटणीच्या संघात डावा बॅक खेळलेला. इथं एका कॉलेजात सिक्युरिटीला लागला होता. ड्युटी सुटली की दोरीपाशी उभा राहून सराव बघायचा. दोन-तीन दिवस गप्प बघितलं आणि मग एकदम ओरडला, “ओ मास्तर, त्ये तुमचं पोरगं एकाच पायानं खेळतंय की! दुसरा काय देवाला सोडलाय व्हय?” अख्खं मैदान हसलं. मी तापट माणूस. म्हटलं, “मग या आत आणि तुम्हीच दाखवा.” तो खरंच दोरीखालून वाकून आत आला, आणि आत आला तो पुन्हा बाहेर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या पोरांना एकेक बूट काढायला लावला. ज्याचा उजवा पाय चालतो त्यानं उजवा अनवाणी ठेवायचा आणि बूट फक्त डाव्यात घालायचा. अनवाणी पायानं भरला चेंडू मारला की झिणझिण्या येतात, त्यामुळं पोरं आपोआप दुसऱ्या पायावर यायची. महिनाभर आमचा संघ मैदानभर लंगडत होता. येणारेजाणारे थांबून विचारायचे, एवढ्या पोरांना झालंय तरी काय. पण त्या हंगामात आमची पोरं दोन्ही पायांनी खेळायला लागली हे खरं.

आता तो गेला म्हणून त्याला कुणी साधा, अबोल, गुणी वगैरे करून ठेवू नये. सर्जेरावाचं तोंड अखंड चालायचं. प्रत्येक गोष्ट ‘आमच्या पलटणीत’ने सुरू व्हायची आणि पलटणीच्या विजयानं संपायची. ऑफसाइडचा नियम त्याला मनापासून मान्य नव्हता, पुढं गेलेल्या माणसाला शिक्षा का, असं त्याचं म्हणणं. डावपेच म्हणून त्याला एकच ठाऊक होता : लांब मार आणि पळ. मी फळ्यावर खडूनं बाण काढून पोरांना काही समजावत असलो की हा मागून म्हणायचा, “मास्तर, चेंडूला ह्ये बाण दिसत्यात व्हय?” आमची रोज भांडणं व्हायची. सरावाआधी एक, सरावानंतर एक. आणि भांडण झाल्यावर तो मला गाडीवरून घरी सोडायचा, कारण माझी बायको गेल्यापासून मी संध्याकाळी घरी जायला टाळाटाळ करतो हे त्यानं न विचारता ओळखलं होतं. दाराशी गाडी उभी करून तो आणखी अर्धा तास भांडायचा. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, आत तरी जा. आम्ही आत जात नव्हतो. आत गेल्यावर काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

तो आला त्याच वर्षी आम्ही जिल्ह्यातली मोठी ढाल जिंकली आणि तात्यांनी टपरीवर जाहीर केलं, “ह्ये सर्जेरावाच्या पायगुणानं झालं!” झालं, संघाची चर्चा म्हणजे सर्जेरावाची चर्चा असं ठरूनच गेलं. इक्बालभाई म्हणायचे, “अहो तात्या, पायगुण नवरीचा बघतात, कोचचा नाही. पोरांनी महिनाभर घाम गाळलाय तो बघा की.” तात्या म्हणायचे, घाम तर आधीही गाळत होती. मी बाजूलाच चहा पीत असायचो. मुख्य प्रशिक्षक मी, सगळी पोरं माझ्या हाताखाली वाढलेली, पण माझा पायगुण चांगला की वाईट याबद्दल एका शब्दानं कुणी काही बोलायचं नाही. संघ जिंकला की सर्जेरावामुळं, हरला की सर्जेरावामुळं. मला याचा भारी राग यायचा आणि सर्जेरावाला भारी मजा. “मास्तर, तुमी नुसतं नावाला हाय बगा,” म्हणून तो माझ्या पाठीत थाप मारायचा.

मग दिवस फिरले. आम्ही लागोपाठ तीन वर्षं फायनलला गेलो आणि तीनही वेळा हरलो. एकदा पेनल्टीवर, एकदा आमच्याच बॅकनं आमच्याच गोलात घातला, एकदा पावसानं चेंडू रेषेवर अडकला. अशा गोष्टी फुटबॉलमध्ये रोज होतात. पण टपरीवर हिशेब वेगळा मांडला गेला, आणि त्यात पहिल्या वर्षीची ढाल कुणी धरली नाही. आधी कुजबुज झाली, मग संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, आणि शेवटी तात्या उघड बोलले. सर्जेराव पांढऱ्या पायाचा आहे. साध्या सामन्याला चालतो, पण फायनलला त्याची सावली पडली की घात होतो. इक्बालभाई त्या दिवशी तात्यांशी हमरीतुमरीवर आले. मी ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहून सगळ्यांना अडाणी म्हटलं, त्यावर चार अंगठे आले, बस. असा शब्द ऐकल्यावर सर्जेरावानं तात्यांना उभं-आडवं घेतलं असतं असं मला वाटत होतं. तो नुसता बुटाच्या नाड्या सोडत बसला.

पुढच्या वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी आक्काचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि सर्जेरावाला साताऱ्याला जावं लागलं. आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि सरळ तीन गोलांनी जिंकलो. तात्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. एवढ्या वर्षांतला तो पहिलाच, आणि घालताना कानात म्हणाले, “बगितलंसा?” दुसऱ्या दिवशी सर्जेराव कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन मैदानावर हजर. पोरांच्या तोंडात पेढे कोंबत होता, गोल कसा कसा झाला ते प्रत्येकाला वेगवेगळं विचारत होता, स्वतः चेंडू मारून ‘असा का?’ म्हणून दाखवत होता. आणि सगळं झाल्यावर मला बाजूला घेऊन अगदी सहज म्हणाला, “मास्तर, फुडच्या फायनलला बी मी साताऱ्याला जातो.” मला वाटलं चेष्टा करतोय.

ती चेष्टा नव्हती. पुढच्या फायनलच्या सकाळी मी त्याला एसटी स्टँडवर गाठलं. साताऱ्याची गाडी लागलेली, हा खिडकीपाशी बसलेला. मी आत चढलो आणि सगळ्या प्रवाशांदेखत त्याला फाडून खाल्लं. वर्षभर पोरं तू तयार केलीस, त्यांना लंगडायला तू लावलंस, आणि आज पळून चाललास? विसाव्या शतकातली तरी लाज बाळग, म्हटलं. खरं तर शतक पण बदललेलं होतं, रागात माझ्या ध्यानात आलं नाही. त्यानं मला शेजारी बसवलं. म्हणाला, “रागावू नका गड्या. माज्या जन्माच्या येळंला आई गेली. तवापासून चुलती मला त्योच शब्द म्हणायची. घरात म्हस मेली तरी माज्याकडं बगायची. पलटणीत गेलो तवा सुटलो, तितं कुणाला ठावंच न्हवतं…” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मला वाटलं हुतं, मागं ऱ्हायलं ते. पर इतं बी गावलं मला. आता तुमीच सांगा, मी बाकावर बसलो आन पोरं हरली, तर?” मी म्हटलं, हरली तर हरली, खेळ आहे. तो म्हणाला, “तुमचा खेळ हाय, मास्तर. माजं तसं न्हाई.” कंडक्टरनं घंटी दिली. मी उतरलो. त्या दिवशी आम्ही पुन्हा जिंकलो.

तेव्हापासून तो रिवाजच होऊन बसला. आमचा संघ दरवर्षी काही फायनल गाठत नाही, पण जेव्हा गाठायचा तेव्हा सर्जेराव सकाळच्या एसटीनं साताऱ्याला. सामना चालू असताना त्याला फोन करायचा नाही, फोनवरूनही त्याचा पाय लागतो असं त्याचं म्हणणं. शेवटची शिट्टी झाली की मी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावायचा आणि नुसतं ‘झालं’ एवढंच सांगायचं. पलीकडून तो मोठ्यानं ओरडायचा, आक्का मागून काहीतरी विचारायची, आणि मग पंधरावीस मिनिटं मी त्याला सगळा सामना सांगायचो. त्या सगळ्या फायनली आम्ही जिंकलो. काय करणार, जिंकलो! जितक्या वेळा जिंकलो तितक्या वेळा मला जरा वाईट वाटायचं, हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो. मुख्य प्रशिक्षकानं आपला संघ जिंकल्याचं दुःख कुणाला सांगायचं? बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी असायची आणि मी सवयीनं तिकडं वळून काहीतरी बोलायचो. इक्बालभाईंचीही बोलती बंद झाली होती. पुरावाच तसा होता. त्यांनी एकदा फक्त एवढंच म्हटलं, “मास्टर, एकदा तरी तो साताऱ्याला असताना आपण हरायला पाहिजे.” आम्ही दोघं हसलो, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

तो गेल्यावर मी सराव चालू ठेवला. पोरांना एक बूट काढायला सांगितला, पोरांनी काढला, पण मागून टोमणा मारणारं कुणी नव्हतं. फळ्यावरच्या बाणांना कुणी हसलं नाही, तर ते बाण मलाच हास्यास्पद वाटायला लागले. पोरं हल्ली माझं सगळं ऐकतात. इतकं ऐकतात की मला भीती वाटते. संध्याकाळी मी चालत घरी जातो. दाराशी आलो की थोडा वेळ बाहेरच उभा राहतो, शेजारच्या वहिनी आता काही म्हणत नाहीत. माणूस एकटा आहे हे एकदा कळलं की त्याचा रोज नव्यानं शोध लागत नाही असं मला बायकोच्या वेळी वाटलं होतं. तसं काही नसतं. रोज लागतो.

सेमीफायनल आम्ही जिंकलो आणि गेल्या रविवारी फायनल झाली. मैदान भरलं होतं. टपरीवरचे सगळे पहिल्या पायरीवर बसलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक निश्चिंतपणा होता. तो मला लगेच ओळखू आला. सगळ्यांच्या मनात एकच होतं : आता भीती नाही. सर्जेराव साताऱ्याहूनही लांब गेलेला आहे. आम्ही हातावर काळ्या फिती बांधल्या, एक मिनिट उभे राहिलो, खेळ सुरू झाला… आणि आम्ही हरलो. पेनल्टी नाही, पाऊस नाही, नशिबाचा काही भाग नाही. ती पोरं आमच्यापेक्षा चांगली खेळली. दोन गोल खाल्ले, दोन्ही अगदी स्वच्छ. आम्ही एकही केला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझी पोरं जमिनीवर बसून रडत होती आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो, पण माझ्या छातीत काहीतरी मोकळं होत चाललं होतं. इतका आनंद मला कुठल्या विजयाचा झाला नव्हता. हे लिहायला कसंतरी वाटतं, पण खरं आहे ते खरं आहे.

मैदान रिकामं झालं तरी तात्या पायरीवरच बसून होते. इक्बालभाई त्यांच्याशेजारी. मी जवळ गेलो. वाटलं इक्बालभाई आता इतक्या वर्षांचं सगळं एकदम काढणार. त्यांनी काढलं नाही. तात्यांनीच मान वर केली आणि म्हणाले, “मास्तर, आज तर त्यो कुटंच न्हवता.” मी म्हटलं, “नव्हता.” “मंग?” मी त्यांच्याशेजारी टेकलो. “मंग आमी त्या मान्साला उगंच इतकी वर्सं…” इक्बालभाईंनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत तिथं बसलो. वाद संपला होता आणि तो जिंकल्याची खूण कुणाच्याच तोंडावर नव्हती.

सोमवारी मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आक्कानं मला बघितलं, पाण्याचा तांब्या दिला आणि उभ्या उभ्या विचारलं, “काल फायनल हुती न्हवं? काय झालं?” मी म्हटलं, “हरलो, आक्का.” “सरळ हरलासा?” “अगदी सरळ. दोन गोलांनी.” तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “लय बरं झालं वो मास्तर… लय बरं झालं.” मग रडली. त्या घरात चुलतीचा तो शब्द ऐकत ती पण मोठी झाली होती, आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरली होती. आजवर तिला त्याच्या बाजूनं दाखवायला काही मिळालं नव्हतं. ते आमच्या पराभवानं मिळालं, तो जाऊन महिना उलटल्यावर. मी तिला म्हटलं, हे त्याच्या कानावर पडायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “व्हय. पडाय पायजे हुतं.” त्याला दोघांपाशीही इलाज नव्हता.

जरा वेळानं ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथं भिंतीला अगदी लागून एक लाकडी खुर्ची होती, तोंड भिंतीकडं. मी विचारलं, ही अशी का? “त्यो फायनलच्या दिवशी आसाच बसायचा,” आक्का म्हणाली. “किल्ल्याकडं पाट करून. सांगली तिकडं हाय म्हणायचा, चुकून नजर बी नगो जायला. जेवायला उठायचा न्हाई. तुमचा फोन येईस्तवर भिताडाकडं बगत बसायचा. त्यो गेला, पर मी हलवली न्हाई.” मी त्या भिंतीकडं बघितलं. चुना लावलेली साधी भिंत, खाली ओल धरलेली. आमचे सगळे विजय त्यानं तिथं बघितले होते. आक्का पुढं झाली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवून ठेवली. समोर अंगण, त्यापलीकडं अजिंक्यतारा, त्यापलीकडं आमची वाट. मला म्हणाली, “बसा.” मी बसलो. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, “आता सांगा, कसं कसं झालं त्ये.” मग मी तिला तो सामना पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागलो. आम्ही कुठं चुकलो, कुणाचा पाय उशिरा पडला, दोन्ही गोल कसे झाले, सगळं सावकाश सांगितलं आणि आमची एकही चूक गाळली नाही.